तुरीच्या मागावर: न्हावा शेवा ते मंगळवेढा

सोमवार: उरण, वाशी

उरणच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना कंटेनरशिवाय काही दिसत नाही. एकावर एक रचलेले, निळे, लाल, गंजलेले. न्हावा शेवा बंदराच्या आत परवान्याशिवाय जाता येत नाही, पण उतरलेला माल तपासणीसाठी आसपासच्या ज्या आवारांत येतो, त्यातल्या एका ठिकाणी जायची सोय एका ओळखीच्या कस्टम एजंटने करून दिली होती. मला पाहायची होती तूर. आपण जिला लातूर-अकोल्याची म्हणून ओळखतो, त्या वरणाच्या तुरीतली बरीच इथे उतरते. म्हणून २०२५च्या जानेवारीत ठरवलं, की सुरुवात बंदरापासून करायची आणि तुरीच्या मागे मागे ती पिकते त्या मराठवाड्यापर्यंत जायचं. ताटातलं काय आपल्या मातीतलं आणि काय बाहेरचं, हे आकड्यांत वाचलं होतं. आता ते पोत्यात, गिरणीत आणि शेतात बघायचं होतं.

एका कंटेनरचं सील कापून दारं उघडली गेली आणि सगळे लांब उभे राहिले. धान्याला कीडनाशक धुरी दिलेली असते, त्यामुळे बराच वेळ वारं लागल्याशिवाय आत कुणी जात नाही. आत पन्नास किलोची पांढरी प्लास्टिकची पोती, वर पोर्तुगीज भाषेतला मजकूर. मोझांबिकच्या नाकाला बंदरातून निघालेला माल. संगरोध (क्वारंटाइन) विभागाच्या माणसाने टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसून मूठ-मूठ दाणे काढले, पांढऱ्या कागदावर पसरले आणि बोटाने सारत सारत बघू लागला. जिवंत कीड आहे का, मातीचे खडे आहेत का, परक्या तणाचं बी आहे का. या शेवटच्या तपासणीचं मोल महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. गाजरगवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५०च्या दशकात, आणि ते अमेरिकेहून आलेल्या धान्यातून आलं असं मानलं जातं. ते धान्य केव्हाच खाऊन संपलं. गवत आजही प्रत्येक बांधावर आहे.

कागदावरची तूर टपोरी होती, फिकट रंगाची. मोझांबिकमध्ये लोक स्वतः तूर फारशी खात नाहीत, ती पिकवतात मुख्यतः आपल्यासाठी. २०१५मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, तेव्हा सरकारची धावपळ झाली आणि २०१६मध्ये मोझांबिकशी करार झाला: आपण वर्षाला घेत जाऊ ती तूर वाढवत २ लाख टनांवर नेऊ. पुढे २०२१मध्ये मलावीशी ५० हजार टनांचा आणि म्यानमारशी १ लाख टन तूर व अडीच लाख टन उडदाचा करार झाला. पण मधल्या काळात काय घडलं तेही सांगायला हवं. २०१६-१७मध्ये आपल्या शेतकऱ्यांनी विक्रमी तूर पिकवली, भाव कोसळले आणि ऑगस्ट २०१७मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. ज्यांना 'पेरा, आम्ही घेऊ' म्हणून सांगितलं होतं, त्या मोझांबिकच्या लहान शेतकऱ्यांची तूर मातीमोल झाली. तो कागद हातात घेतल्यावर मला आधी तेच लोक आठवले. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने नांगर धरणाऱ्याचं वर्ष बुडतं, हे औशाच्या शेतकऱ्याला जितकं माहीत आहे तितकंच नाकालाजवळच्या शेतकऱ्यालाही.

बंदराच्या पट्ट्यातून परतताना द्रवमालाच्या मोठमोठ्या टाक्या दिसतात. बंदरांवरच्या अशाच टाक्यांमधून आपलं खायचं तेल येतं. तेलाचं वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं धरतात. २०२३-२४च्या तेलवर्षात देशाने सुमारे १ कोटी ६० लाख टन खाद्यतेल आयात केलं. त्यातलं निम्म्याहून जास्त पाम, मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. सोयाबीनचं तेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनच्या बाजूचं. आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरचं आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि त्यापाठोपाठ एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंदच केली, तेव्हा पिशवीमागे काय भाव झाला होता ते प्रत्येक घराला आठवत असेल.

दुपारनंतर वाशीच्या दाणाबाजारात. इथे माल ओळखला जातो तो व्यापाऱ्यांच्या नावांनी. ब्रह्मदेशातून आलेली ती लेमन तूर. आफ्रिकेची असेल तर गजरी, अरुषा, मटवारा. मसूर कॅनडाची की ऑस्ट्रेलियाची, ते दाणा हातात घेऊन सांगतात. टांझानियाचा हरभरा. कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा. डिसेंबर २०२३मध्ये त्याचं आयातशुल्क शून्य केल्यापासून त्याचा पूर आला होता, आणि हरभऱ्यापेक्षा स्वस्त म्हणून तो हरभरा डाळीच्या जागी जाऊन बसला होता. २०२४ या एका वर्षात ६० लाख टनांहून अधिक कडधान्य देशात आलं. जगात सर्वांत जास्त कडधान्य पिकवणारा देश आपला, खाणाराही आपलाच आणि विकत आणणाराही आपलाच.

त्याच गल्लीच्या पलीकडे तांदळाचे आणि गव्हाचे गाळे आहेत. तिथे मी मुद्दाम प्रत्येकाला विचारत गेले की हे कुठलं. मावळची इंद्रायणी, मध्य प्रदेशचा शरबती, सगळं देशातलं. एकही पोतं बाहेरचं नाही. उलट जगात होणाऱ्या तांदळाच्या निर्यातीतला साधारण चाळीस टक्के वाटा आपला.

रात्री ठाण्याहून लातूरची गाडी पकडली.

मंगळवार: लातूर

स्टेशनातून थेट आडत बाजारात. एका मैत्रिणीचे वडील तिथे आडते आहेत. त्यांनी गादीवर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, सौदा निघेपर्यंत काही विचारू नका. एकदा भाव फुटला की दिवसभर बोलू."

दुकानांसमोर तुरीच्या राशी लागल्या होत्या. ओळीने लाल, त्यातच कुठे पांढरी. खरेदीदारांचा घोळका एका राशीवरून दुसऱ्या राशीकडे सरकत होता. कुणी मूठभर तूर तळहातावर घेऊन फुंकर मारायचा, कुणी दाणा दाताखाली धरून ओल बघायचा. कट्ट करून तुटला तर वाळलेला. मागे उभा शेतकरी एक शब्द बोलत नाही, फक्त ज्याच्या हातात त्याची तूर आहे त्याच्या तोंडाकडे बघतो. माझ्यासमोर सौदे सात हजार ते सव्वासात हजार रुपये क्विंटलच्या दरम्यान निघाले. हमीभाव होता ७,५५०. दिवाळीच्या सुमारास, शेतकऱ्याच्या घरात तुरीचा दाणा नव्हता तेव्हा, हीच तूर दहा हजारांच्या आसपास होती.

त्याच महिन्यात केंद्राने तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत ३१ मार्च २०२६पर्यंत वाढवली. मे २०२१पासून ही आयात खुलीच होती, मुदत दरवर्षी पुढे सरकत आली होती. आडत्यांचं म्हणणं मला पटलं: "आयात करूच नका असं कोण म्हणतंय? देशाला पंचेचाळीस लाख टन तूर लागते, पिकते पस्तीसच्या आसपास. बाकीची आणावीच लागेल. पण आणायची वेळ बघा. आमच्या खळ्यावर माल यायला आणि तिकडून जहाज यायची बातमी यायला एकच गाठ."

भाव चढला की शहरात बातमी होते आणि आठवड्यात शुल्क उतरतं. भाव पडला की बातमी लातूर-अकोल्याच्या पानावर राहते. माझं घर शहरात आहे, डाळ स्वस्त झाली की मलाही बरं वाटतं. तरीही हा हिशेब चुकीचा आहे असं मी मानते, कारण आज पडलेल्या भावामुळे पुढच्या जूनमध्ये कमी पेरली जाणारी तूर दीड वर्षाने मलाच महाग पडते. २०१५ ते २०१७ या काळात नेमकं हेच झालं. महागलेली तूर बघून सगळ्यांनी पेरली, २०१७च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांसमोर दिवसेंदिवस ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, आणि पुढे पेरा पुन्हा हलला.

दुपारी दालमिल. लातूर हे डाळीचं गाव आहे आणि गिरणीत शिरल्यावर ते अंगावर येतं: धूळ, घरघर आणि कच्च्या डाळीचा गोडसर वास. तुरीची साल सहज निघत नाही, मधला डिंकासारखा थर तिला घट्ट धरून असतो. म्हणून आधी तूर चाळून खडबडीत रोलरमधून काढतात, तिच्या सालीला ओरखडे पडतात. मग तिला तेल चोळून ठेवतात, पाणी देतात, वाळवतात आणि पुन्हा रोलरला घालतात. तेव्हा कुठे साल सुटते आणि दाण्याची दोन दळं होतात. क्विंटलभर तुरीतून सत्तर-बहात्तर किलो डाळ, बाकी चुनी आणि टरफल, ते जनावरांच्या पेंडीत जातं. गिरणीमालकांनी दोन परातींत दोन डाळी ठेवल्या. एक गावरान लाल तुरीची, एक आफ्रिकेच्या तुरीची. डोळ्यांना फरक फारसा कळला नाही. "शिजवल्यावर कळतो," ते म्हणाले. "पण आम्हाला वर्षभर मिल चालवायची आहे. इथली तूर मार्च-एप्रिलपर्यंत येते, नंतर बारीक धार. मग मुंबईहून गाड्या मागवतो." लातूरच्या डाळीच्या पोत्यात मोझांबिक कसं येतं, ते असं.

संध्याकाळी आडत्यांच्या ओसरीवर गव्हाचा विषय निघाला, तो माझ्याच मनात वाशीपासून घोळत होता. आज ज्या गव्हा-तांदळाबद्दल आपण निश्चिंत आहोत, ते असे निश्चिंत करणारे कायमच नव्हते. अमेरिकेचा गहू १९५६च्या करारापासून येत होता. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षं पाऊस गेला, तेव्हा एका वर्षात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं ते त्याच सुमाराला. आणि त्याच काळात काही निर्णय झाले. १९६५मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग, म्हणजे माल घेणारा आणि भाव सांगणारा, दोन्ही उभे राहिले. १९६६मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं. सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री होते, स्वामीनाथन आणि त्यांचे सहकारी शेतात होते. बियाणं, पाणी, खत, भाव आणि ठरलेला गिऱ्हाईक हे सगळं एकत्र दिलं गेलं, तेव्हा पंजाब-हरियाणाने देशाला गहू दिला. डाळीला यातलं अर्धंमुर्धं मिळालं, आणि तेही तुटक तुटक.

बुधवार: औसा तालुक्यातलं एक गाव

सकाळी आडत्यांच्याच एका शेतकऱ्याच्या गाडीवरून गावात. तूर सोंगून झाली होती, पेंढ्या खळ्याशी लावल्या होत्या आणि भाड्याचं मळणीयंत्र यायची वाट चालली होती. तूर जूनमध्ये सोयाबीनबरोबरच पेरतात, सोयाबीनच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचे एक-दोन तास. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघून जातं. तूर मात्र पाच-सहा महिने उभी राहते, पाऊस गेल्यावरही खोल मुळ्यांनी खालची ओल ओढत. २०२४च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला इकडे झोडपून पाऊस झाला. सखल भागात पाणी साचलं तिथे तूर उभीच वाळली. मर रोग लागला की दोन दिवसांत झाड माना टाकतं. वरच्या रानातली चांगली साधली.

घरात शिरल्या शिरल्या डावीकडे सोयाबीनची थप्पी होती, छताला टेकलेली. आम्ही थप्पीला टेकूनच बसलो. हमीभाव ४,८९२, बाजारात चार हजार-एकेचाळीसशे. खरेदी केंद्रावर नोंदणी केली होती, पण आधी ओलावा जास्त म्हणून परत, मग बारदाना (रिकामी पोती) नाही म्हणून परत. "बॅगला सात पोते उतारा पडला," शेतकरी दादा म्हणाले. इथे उत्पन्न एकरावर मोजत नाहीत, बियाण्याच्या बॅगेवर मोजतात. "खर्च जाऊन हातात काय उरलं ते विचारू नका." आपल्याला तेल कमी पडतं म्हणून आपण अर्जेंटिनाहून सोयातेल आणतो, आणि इथे माजघरात सोयाबीन पडून आहे. याचं एक कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. त्यात तेल जेमतेम अठरा ते वीस टक्के. उरलेली सगळी पेंड, आणि सोयाबीनचा भाव बराचसा त्या पेंडीवर ठरतो. जगात पेंड स्वस्त झाली की तेलाची टंचाई असूनही लातूरचं सोयाबीन पडतं.

दुपारी हरभऱ्याच्या रानात गेलो. घाटे भरत आले होते. दादांनी ओल्या जागेतलं एक झाड अलगद उपटलं, मुळांची माती झटकली आणि माझ्या हातात दिलं. मुळांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या, कुठे त्याहून मोठ्या गाठी. त्यांनी नखाने एक फोडली. आत गुलाबी. "लाल निघाली म्हणजे काम चालू हाय," ते म्हणाले. या गाठीत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. म्हणून कडधान्याला युरिया जवळपास लागतच नाही, उलट ते पुढच्या पिकासाठी जमिनीत थोडा नत्र ठेवून जातं.

मी ती फुटलेली गाठ बराच वेळ बघत होते. घराच्या ओट्यावर खतांची रिकामी पोती धुऊन वाळत घातलेली होती, डीएपी आणि १०:२६:२६. आपण ज्याला शंभर टक्के देशी गहू म्हणतो, त्याला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं परदेशातून येतं, कॅनडा, रशिया, बेलारूसकडून. डीएपीचा किंवा त्याच्या कच्च्या मालाचा मोठा हिस्सा बाहेरचा. बहुतेक युरिया देशात बनतो, पण त्याला लागणाऱ्या वायूतला बराचसा जहाजानेच येतो. म्हणजे वाशीच्या गाळ्यावर बाहेरचं एकही पोतं दिसलं नाही, तरी गव्हाच्या प्रत्येक पोत्यात काही ना काही बंदरावर उतरलेलं आहेच. आणि जे पीक हवेतून आपलं खत आपण काढतं, पाटाच्या पाण्याशिवाय येतं, जमीन सुधारून जातं, तेच आपण बाहेरून आणतो. सगळ्या फेरीत मला याच गोष्टीचं सर्वांत जास्त वाईट वाटलं.

मुक्काम तिथेच झाला. रात्री पिठलं, ज्वारीची भाकरी, ओला हरभरा भाजून. दादांची आई भिंतीला टेकून बसली होती. तिने १९७२चा दुष्काळ पाहिलेला. खडी फोडायच्या कामावर जायची, तिथे सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो. तांबडी, अमेरिकेची ज्वारी. "भाकरी थापाया घेतली की चिराळ्या पडायच्या. पीठच धरायचं न्हाई. आन् चवीला नुसता भुसा. पर लेकरं जगली त्याच्यावर," आजी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आयतं आलं म्हून जगलो. पर रोज आयत्यावर कोण जगतंय?" मला वाटतं आयातीबद्दल इतकं न्याय्य बोलणं मी इतर कुठे ऐकलेलं नाही. त्या वर्षी बाहेरचं धान्य आलं नसतं तर किती माणसं गेली असती याची कल्पना करवत नाही. अडचणीला दार उघडं असायलाच हवं. प्रश्न ते बाराही महिने उघडं ठेवण्याचा आहे.

गुरुवार: सोलापूर

एसटीने तुळजापूरवरून सोलापूर. बसमध्ये झोप झाली.

सोलापुरात एका लाकडी घाण्यावर गेले. घाणा आता बैलाचा नाही, मोटरीचा आहे, पण लाट लाकडाचीच. शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि करडई. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, करडईत तीस टक्क्यांच्या आसपास. घाणेवाल्यांचे आजोबा करडईच्या तेलावर घर चालवायचे. सोलापूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), लातूर, बीड हा सगळा करडईचा पट्टा. या घरांत फोडणी करडईच्याच तेलाची असायची. एकेकाळी एकट्या महाराष्ट्रात लाखो हेक्टरवर असलेली करडई आता देशभरात मिळून लाखभर हेक्टरवरही धड दिसत नाही. काटेरी पीक, काढायला माणूस मिळत नाही, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण काटे पूर्वीही होतेच. बदललं ते तेल.

१९८६मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तेलबिया अभियान सुरू केलं. तेव्हा देशात १ कोटी १० लाख टनांच्या आसपास तेलबिया पिकत होत्या. दशकभरात उत्पादन दुप्पट झालं. बियाणं दिलं, भाव सांभाळला, आयात आवरली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशाला लागणारं जवळजवळ सगळं खाद्यतेल देशातच तयार होत होतं. ही गोष्ट आज सांगितली तर लोकांना खोटी वाटते. मग १९९४पासून पामतेलाची आयात खुली होत गेली, शुल्क खाली येत गेलं, आणि दहा वर्षांत आपण होतो तिथे परत आलो. पाम स्वस्त पडतं याचं कारणही सरळ आहे: एका हेक्टरमधून तेलताड जितकं तेल देतो, त्याच्या पासंगालाही कुठलं तेलबीचं पीक पुरत नाही. सरकारने २०२१मध्ये ११,०४० कोटी रुपयांची पामतेल मोहीम आणली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटींची दुसरी. पामाला बारमाही पाणी लागतं. सोलापूरच्या कोरड्या रानाला त्यातून काही मिळणार नाही. दुसऱ्या मोहिमेतून करडईच्या वाट्याला किती येतं ते मी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे.

घाणेवाल्यांची अडचण वेगळीच. "गिऱ्हाईक आहे हो. डॉक्टर लोक घेतात, जुनी माणसं शोधत येतात. करडईच मिळत नाही. मिळाली तर दोन-दोन पोती, प्रत्येक पोत्याचा दाणा वेगळा." मी लिटरभर तेल घेतलं. पिवळसर, पातळ, वास अगदी हलका.

शुक्रवार: मंगळवेढा

मंगळवेढ्याची ज्वारी पाहिली नाही त्याने कोरडवाहू शेतीवर फार बोलू नये असं माझं मत झालं आहे. काळी, खोल, भेगाळलेली जमीन, डोळे पोचतील तिथपर्यंत सपाट, बांधावर झाड नाही. परतीच्या पावसात भिजलेली ओल या मातीने धरून ठेवलेली, आणि त्या ओलीवर, वरून पाण्याचा थेंब न देता, पुरुषभर उंच ज्वारी उभी. मालदांडी. मोहोळच्या केंद्रावर निवडलेलं हे वाण नव्वदेक वर्षांचं आहे, आणि भाकरीला अजून त्याच्या तोडीचं दुसरं कुणी मानत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कणसं दुधातून चिकात आली होती. शेकोटीवर हुरडा भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दिला. दाणा गोड, मऊ, हिरवट.

या ताटात बाहेरचं काय होतं ते मी मनातल्या मनात मोजलं. ज्वारी इथली, शेंगा इथल्या, मीठ-मिरची देशातली. हुरड्यानंतर जेवायला बसवलं तेव्हा आमटी होती, तिच्या फोडणीत हिंग होता. हिंग अफगाणिस्तान, उझबेकिस्तानकडून येतो. पालमपूरच्या संस्थेने २०२०मध्ये लाहौलला पहिलं रोप लावेपर्यंत आपल्याकडे तो कुणी पिकवतच नव्हतं. त्याचं मला काही वाटत नाही. चिमूटभर हिंग शेजाऱ्याकडून घ्यावा. तेल मात्र पिशवीतलं होतं, दुकानातलं, आणि ज्या घराच्या दारापासून शंभर पावलांवर करडई उभी होती त्या घरात ते होतं.

कारण ज्वारीच्या कडेने करडईचे दोन-तीन तास आजही इथे लावतात. काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. फुलं पिवळी-केशरी, हात लावला तर बोटाला टोचलंच. शेताचे मालक मामा साठीचे, बोलायला मोकळे. म्हणाले, "ही अशी कडेची निघते दीड-दोन पोती. पूर्वी सगळं एक रान करडईचं असायचं. गावात घाणा होता, घातली की तेल घरी आणि पेंड बैलाला."

"आता का नाही लावत?"

"लावली तर घालू कुठं? हमीभाव हाय म्हणं. पाच हजार नऊशे चाळीस. पेपरात वाचला. पण त्या भावानं घेणारा माणूस मला दाखवा. हार्वेस्टरनं काढता येती, काट्याचं काय भ्या राहिलं न्हाई. पेरायच्या आधी कुणी सांगितलं, की आम्ही घेऊ, ह्या भावानं घेऊ, तर मी दोन एकर आत्ता लावतो."

मी त्यांना सोलापूरच्या घाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी तिथेच नंबर मागितला आणि लगेच लावला. सुरुवातीला दोघंही जपून बोलत होते. घाणेवाल्यांनी विचारलं दाणा कोणता, बिनकाट्याचा की काट्याचा, किती वाळवून देणार, पोती कुणाची, सोलापूरपर्यंत भाडं कुणाचं. मामांनी विचारलं रोख का उधार. भावावर गाडी अडली. घाणेवाले हमीभावाच्या थोडं वर जायला तयार होते, मामांना भाडं वेगळं हवं होतं. मग ठरलं की मार्चमध्ये कडेची दीड-दोन पोती आधी घालून बघायची, तेलाचा उतारा दोघांनी समोर उभं राहून मोजायचा, आणि दोन एकरांचं त्यावर ठरवायचं. फोन ठेवल्यावर मामा मला म्हणाले, "भाड्याचं मी त्याच्याकडून घेतोच बघा."